कपाटाच्या दारावरची मुलं

नमुन्याची खुर्ची मी स्वतः घेऊन गेले, डोक्यावर पालथी घालून, टोपीसारखी. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी ती पसंत केली की तशाच साठ करायच्या, असं बाबांशी बोलणं झालेलं. पसंत काय, त्यांनी नीट बघितलीपण नाही. "तुझ्या आजोबांच्या मापाचीच ना? मग झालं," म्हणाल्या आणि नाक पुसायला पळाल्या. दुसऱ्याचं, स्वतःचं नाही.

पण मी बघत होते. एक पोरगी येऊन खुर्चीवर बसली. तिला सगळे चिमणी म्हणतात. आवाजावरून म्हणत असणार, अंगावरून नक्कीच नाही. बसली तर गुडघे थेट हनुवटीच्या दिशेनं. बेडूक बसतो ना, तस्सं.

"काय ग, नीट आहे का?"

"चित्र काढताना गुडघा मधे येतो," ती म्हणाली. "मग मी गुडघ्यावरच काढते." खरंच तिच्या गुडघ्यावर निळ्या खडूचं घर होतं.

मी दुसऱ्याला बसवलं. तिसऱ्याला. अख्ख्या वर्गाला रांग लावायला लावली. तेवीस पोरं, त्यातली एकोणीस बेडूक. माझं डोकं असं काही सुरू झालं की मी खुर्ची तिथंच टाकून धावत सुटले.

आमचं दुकान म्हणजे पुढे कामाची जागा आणि मागे आम्ही. बाबा रंधा मारत होते.

"बाबा, पाय आखूड आहेत."

"कुणाचे?"

"खुर्चीचे. नाहीतर पोरांचे लांब आहेत. काय म्हणायचं ते म्हणा."

बाबांनी रंधा थांबवला नाही. मान नुसती भिंतीकडे वळवली. तिथं खिळ्याला आजोबांची मापाची फळी टांगलेली असते. हातभर लांब, कडेला खाचा. एक खाच पायाची, एक बैठकीची, एक पाठीची. फळी लाकडावर धरायची, खाचेपाशी रेघ मारायची, कापायचं. फूटपट्टी काढायची गरजच नाही. पायाची खाच बरोब्बर नऊ इंचांवर. त्या फळीला बाबांशिवाय कुणी हात लावत नाही.

"अडतीस वर्षं त्या मापावर पोरं बसतायत," बाबा म्हणाले. "एकानंही तक्रार केली नाही."

"चार वर्षांची पोरं तक्रार करणार? ती गुडघ्यावर घर काढून मोकळी होतात."

"तुला काही काम नाही का, वकीलसाहेब?"

मला राग आला की मी एक तर ओरडते, नाहीतर कामाला लागते. त्या दिवशी कामाला लागले. तुकड्यांच्या ढिगातून अर्ध्या इंचाचे, इंचाचे, दीड इंचाचे चार-चार तुकडे शोधले, पिशवीत भरले आणि परत बालवाडीत. खुर्चीच्या पायांखाली तुकडे सरकवायचे आणि पोर बसवायचं. पाऊल जमिनीला पूर्ण टेकलं पाहिजे आणि मांडी आडवी राहिली पाहिजे. इंचाच्या तुकड्यांवर तेविसातली सतरा पोरं अशी झकास बसली की मलाच तिथं बसून चित्र काढावंसं वाटलं.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ह्या वेळी त्यांनी ऐकलं तरी.

"ही तुकडी धिप्पाड निघाली असेल," ते म्हणाले. "एखाद्या वर्षी निघते. मी खुर्ची ह्या वर्षीच्या पोरांसाठी करत नाही. ती तीस वर्षं टिकते. पुढच्या वर्षी बारकी पोरं आली की पाय लोंबकळत बसतील. मुंग्या येतील पायाला. त्यापेक्षा बेडूक परवडला."

मी तुकड्यांची पिशवी बाकावर आपटली.

"आणि लाकूड," बाबांनी पुढे रेटलं. "एका पट्टीतून नऊ इंची सहा पाय निघतात. दहा इंची केले तर पाचच. म्हणजे आठ पट्ट्या जास्त. कुणाच्या सांगण्यावरून? एका चिमणीच्या?"

"पोरंच मोठी व्हायला लागलीयत. हीच नाही, सगळी. दरवर्षीची."

"सिद्ध कर. उद्या दुपारी पट्ट्या कापायला घेणार आहे."

"करते. केलं तर नवी फळी मी करणार. खाचा माझ्या हातच्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

तोंडातून गेलं. बाबा इतके हळूच हसले की मला तेव्हाच कळलं, मी कुठं पाय घातला ते. "तर पुन्हा शाळेत नाव घालायचं," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी गणिताच्या सरांशी भांडून मी दप्तर बाकावरच सोडून आले होते. सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले होते, हिच्या डोक्यात भुसा आहे, बापाच्या दुकानातला. त्या वर्गात परत? मी रात्री जेवले ते काय जेवले, आठवत नाही.

सकाळी बालवाडी उघडायच्या आधीच मी पायरीवर. मोठ्या बाई किल्ली फिरवता फिरवता म्हणाल्या, "तू शाळेत असताना एवढ्या लवकर कधी आली नाहीस."

मी सगळं सांगितलं. त्या मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं भिंतीतलं मोठं कपाट आहे, खडू-कागद ठेवायचं, आजोबांनीच केलेलं. बाईंनी दोन्ही दारांवर टांगलेली पोरांची चित्रं बाजूला केली.

दारांवर पेन्सिलीच्या रेघा. शेकडो.

"ज्याला चार वर्षं पूर्ण होतात, त्याला त्या दिवशी इथं उभं करते," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षापासून. दरवर्षीची उभी पट्टी वेगळी, वर साल लिहिलंय. पोरांना मजा येते म्हणून करते ग. मोजलं कधीच नाही."

अडतीस पट्ट्या, डावीकडून उजवीकडे. मी दोन पावलं मागे सरकले. रेघांचे पुंजके डावीकडे खाली होते आणि उजवीकडे वर. चढण होती ती, सरळसरळ. मधे एका ठिकाणी तर चक्क पायरी होती, एका वर्षात पुंजका टुणकन वर गेलेला. "ह्या वर्षी काय खाल्लं होतं सगळ्यांनी?" मी विचारलं. बाईंना आठवेना.

मी टेप काढला. डावीकडच्या पाच वर्षांच्या सगळ्या रेघा जमिनीपासून मोजल्या, उजवीकडच्या पाच वर्षांच्यापण. खडूनं फरशीवरच आकडे लिहीत गेले, बेरजा केल्या, भागलं.

"सरासरी काढतेयस की," बाई म्हणाल्या.

"काढत नाहीये, नुसतं बघतेय मधली उंची किती येते."

"बरं," बाई म्हणाल्या आणि हसू लपवायला खिडकी उघडायला गेल्या.

आधीची चौऱ्याण्णव सेंटीमीटर. आत्ताची एकशे तीन. नऊ सेंटीमीटर. चार वर्षांची पोरं चार वर्षांचीच, पण नऊ सेंटीमीटर उंच. बाबांना फोन करून मी एवढंच म्हणाले, "या. आत्ता. फळी घेऊन."

ते आले, भुशासकट. दार बघितलं, आकडे बघितले. मग गुडघ्यावर बसले आणि कपाटाच्या बुडाला हात लावला. लाकूड बघितलं की हात लावल्याशिवाय त्यांना राहवतच नाही.

"बाई, फरशी नवी घातली का?"

"अकरा वर्षं झाली. जुनी उखडत बसलो नाही. तिच्यावरच घातली."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "माझे वडील कपाटाच्या बुडाला, दाराखाली, चार बोटं उंच लाकडी पट्टी ठेवायचे. नेहमी चार. इथं दोनच दिसतायत." त्यांनी बोटं लावून दाखवली. "पोरं नाही वाढली, वकीलसाहेब. जमीन वाढली."

माझे कान तापले. ती टुणकन पायरी. पोरांनी काही खाल्लं-बिल्लं नव्हतं, दोन बोटं उंच फरशीवर उभी राहिली होती. मी टेप असा फेकला की तो कोपऱ्यातल्या रंगांच्या डब्यात जाऊन पडला. बाबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाळा काही वाईट नसते ग." तेच नको होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी दाराबाहेर जाऊन बसले. पोरं यायला लागली होती. चिमणी आली, माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि टेप घेऊन परत आली. "हा रंगात पडला. मला मोजायचंय." टेपला हिरवा रंग लागलेला.

"कुठं उभी होतीस तू?"

तिनं मला हाताला धरून कपाटापाशी नेलं आणि स्वतःची रेघ दाखवली, शेवटच्या पट्टीत. मला एकदम आठवलं. मीपण ह्याच दारापाशी उभी राहिले होते. साल शोधलं. तेरा वर्षांपूर्वीची पट्टी. तिच्यात सगळ्यात वरची रेघ माझी होती. वर्गात मला खांब म्हणायचे.

तेरा. आणि फरशी अकरा वर्षांपूर्वीची.

"बाबा, थांबा."

ते दारात चपला घालत होते.

"फरशी अकरा वर्षांपूर्वी आली. म्हणजे डावीकडची सत्तावीस वर्षं सगळी जुन्याच जमिनीवर उभी राहिली. बरोबर? सगळी एकाच जमिनीवर?"

"बरोबर."

"मग पोरं वाढली नसतील तर ती सगळी एका ओळीत पाहिजेत." मी टेपची हिरवी बाजू पुसून पहिल्या पट्टीपासून पायरीपर्यंत पाच-पाच वर्षं धरून परत मोजत गेले. "चौऱ्याण्णव. पंचाण्णव. साडेपंचाण्णव. साडेशहाण्णव. साडेसत्त्याण्णव. जमीन तीच होती, बाबा. पोरं साडेतीन सेंटीमीटर वाढली. मग फरशी आली. तुमची दोन बोटं म्हणजे किती?"

बाबांनी स्वतः टेप लावला. "चार."

"साडेसत्त्याण्णव आणि चार, साडेएकशेएक. तिथून आज एकशे तीन. दीड अजून. म्हणजे पाच. नऊ नाही, पाच. पण पाच खरे. आणि एकाच तुकडीचे नाहीत. अडतीस वर्षांत एकदाही उतरण नाही."

मी चिमणीच्या रेघेतून फरशीची दोन बोटं वजा केली आणि तेवढ्या उंचीवर माझ्या पट्टीत खूण केली. तरी ती माझ्या रेघेच्या अर्धं बोट वर गेली.

"आणि तू वर्गात कितवी ग उंचीला?" मी विचारलं.

"रांगेत मागून तिसरी," चिमणी म्हणाली.

बाबा त्या दोन खुणांकडे बघत राहिले. माझ्या रेघेवर त्यांनी अंगठा फिरवला, जपून, पुसली जाऊ नये असा. "ह्या दिवशी मीच आणलं होतं तुला," ते म्हणाले. "खांब म्हणत होते. आता चौथी आली असतीस."

"बाबा, खुर्ची."

"हो हो. बाई, आठ पट्ट्या जास्त लागतील."

"लागू देत," बाई म्हणाल्या. "आणि कपाटावर ते फरशीचं लिहून ठेवा कुणीतरी. नाहीतर माझ्यानंतरची माणसं अशीच फसतील."

मी पायरीच्या जागी उभी रेघ मारली आणि लिहिलं: इथं जमीन चार सेंटीमीटर वर आली.

दुकानात आल्यावर बाबांनी जुनी फळी खिळ्यावर परत टांगली, रंधा मारलेली एक नवी पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि आखायची सुरी दिली. मी पायाची खाच दहावर घेतली. हात घाईत होता, बाबांनी मनगट धरून थांबवलं.

"पुढची खाच लगेच घेऊ नकोस. वर पट्टी दोन इंच मोकळी सोड."

"कशाला?"

"पोरं काही थांबली आहेत का?"

मी मोकळी सोडली. दुपारी पहिला पाय कापला, मोजून बघितला, दहा. मग दुसरा. तिसऱ्यापाशी बाबा म्हणाले, "सरासरी काढणारीनं एवढं दरवेळी मोजायचं नसतं. फळी लाव आणि काप."