खिडकीबाहेरचं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. हे छातीठोकपणे सांगायलाही मला जरा संकोच वाटतो, कारण कागदोपत्री मी आता नाहीच. तरी ऐकताय म्हणून सांगतो. कुठे चुकलो, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका अबोल सुताराच्या अंगणात झाला. त्याने माझ्या कडा घासून गोल केल्या आणि बायकोला म्हणाला, "बसून बघ गं." ती बसली, जरा हलून-डुलून बघितलं आणि म्हणाली, "आपला संसार असा स्थिर असता तर!" माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक.

तिथून मी कोर्टाच्या कचेरीत आलो. न्यायाधीश बसतात ती मोठी खोली नव्हे. तिच्यामागची, जिथे अर्ज घेतात आणि निकालाच्या नकला देतात ती. वरच्या फळीवरची फाईल काढायला कारकून माझ्यावर चढत. माझी उमेदीची वर्षं अशी लोकांच्या पायांखाली गेली. पण फार दिवस न मिळालेली फाईल हाती लागून कुणी "सापडली एकदाची!" असं ओरडलं, की मला मान नसूनही ती ताठ व्हायची.

मग खर्चात कपात आली. कचेरीच्या सगळ्या खिडक्या बंद होऊन एकच उरली. खिडकीत बसायला ताई आणि मागे फायली शोधायला भाऊ. माणसं कमी झाली, पण येणारे लोक काही कमी झाले नाहीत. रांग जिन्यापर्यंत जाई. भाऊंच्या तोंडी "उद्या या" हे शब्द इतके बसले, की लोक त्यांना उद्याभाऊच म्हणू लागले.

अशात वरून निरोप आला. अर्जांचा ढीग कमी झाला नाही, तर हीही खिडकी बंद होईल, काम मोठ्या शहरातल्या कोर्टात जाईल आणि ताईंची बदलीही तिकडेच. ताईंची आई अंथरुणाला खिळलेली होती. घर समोरच्या गल्लीत, म्हणून मधल्या सुट्टीत ताई धावत जाऊन तिला चार घास भरवून येत. बदली झाली तर ते घास कोण भरवणार? ताई कुणाला बोलल्या नाहीत, पण दुपारी घड्याळाकडे बघताना त्यांचा चेहरा उतरायचा.

त्याच सुमारास माझा एक पाय डुगडुगू लागला. हुकूम निघाला: 'निरुपयोगी सामान यादीतून रद्द करून बाहेर ठेवावे.' बाहेर म्हणजे मागच्या अंगणात, भंगारवाल्यासाठी. भाऊंना तेवढं चालण्याचा कंटाळा आला, की हुकूमच तसा कळला, देव जाणे. त्यांनी मला खिडकीच्या बाहेर ठेवलं आणि ते चहाला गेले.

मी भंगारवाल्याची वाट बघत होतो. आले एक आजोबा. आई-वडील गेलेल्या नातीचा सांभाळ कोर्टाने त्यांच्याकडे सोपवला होता. त्या निकालाची नक्कल शाळेत दाखवायची होती. त्यासाठी बिचारे कितीदा तरी येऊन गेले होते. दर वेळी मागून कुणी "आटपा हो आजोबा!" म्हणे आणि त्यांची गाळण उडे. अर्धे कागद पिशवीतच राहत, अर्धं बोलणं घशात.

त्या दिवशी त्यांनी मला पाहिलं, कुणाला न विचारता बसले आणि कागद मांडीवर पसरले. एक लांब श्वास घेतला. मग सगळं ओळीने सांगितलं. नक्कल त्याच दिवशी मिळाली. जाताना आजोबांनी माझ्यावरून हात फिरवला, नातीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्यांच्यामागची बाईही बसली. तिच्यामागचा ड्रायव्हरही. काही दिवसांनी ताई म्हणाल्या, "भाऊ, रांग मुळात एवढी लांब नव्हतीच हो. तीच माणसं अर्धवट कामाने परत परत येत होती."

भंगारवाला आला, तेव्हा ताईंनी मला अडवून धरलं.

"अहो, ते रद्द झालंय," भाऊ म्हणाले. "असून नसल्यासारखं."

"मग नसलेली वस्तू त्याला देणार कशी?"

भंगारवाला हसून पुढे गेला. पण नसलेल्या स्टुलाच्या दुरुस्तीला पैसे कोण देणार? शेवटी भाऊंनी फायली बांधायच्या लाल फितीने माझा पाय घट्ट आवळला. लोक लालफितीच्या कारभाराला नावं ठेवतात. मी कशी ठेवू? तिच्याच जोरावर तर उभा आहे.

आणि एके दिवशी खिडकीचा निकाल लावायला मोठे साहेब आले.

"मॅडम, ढीग कुठे गेला? आतल्या आत दडवला तर नाही ना?"

ताई उठून उभ्या राहिल्या. हातातली फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ज्या खिडकीतून त्या साऱ्या जगाला धीर देत, तिथेच त्यांचा धीर सुटला. मला आत धाव घ्यावीशी वाटली. पाय चार, पण चालता कुठे येतं?

तेवढ्यात भाऊंनी मला उचलून आत आणलं. "ताई, आधी बसा. साहेब कुठे पळून जात नाहीत."

ताई माझ्यावर बसल्या. त्यांचं थरथरणं माझ्या फळीला जाणवत होतं. हळूहळू ते थांबलं. मग त्यांनी सगळं सांगितलं: आजोबांचं, रांगेचं, माझं. शेवटी आईचंही.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "खिडकी चालू राहील. मी तसं लिहून देतो."

भाऊंना हुरूप आला. "साहेब, मग हे स्टूलही पुन्हा यादीत घ्या ना!"

"नको," साहेब म्हणाले. "यादीत घेतलं, तर पुन्हा कुणीतरी रद्द करेल. राहू द्या तसंच."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. ताई उठल्या आणि पदर खोचून जिन्याकडे धावल्या. मी पुन्हा खिडकीबाहेर आलो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी लाकूड, कधीतरी मोडणारच. पण तुमच्यासमोर कुणी घाबरून, गोंधळून उभं राहिलं, तर त्याला आधी बसायला सांगा. जवळ स्टूल नसलं, तरी चालेल. पायरी पुसून द्या.