बकरमावरची माणसं

"चित्र? कुठलं चित्र?" मावसबहिणीने पातेल्यातला चमचा न थांबवता विचारलं.

"तुम्ही या घरात राहायला आलात तेव्हा मी दिलं होतं ते. लाल कोटातली बाई."

"अगं, ते होय! आहे की. फार उपयोगी पडलं बघ."

'उपयोगी' ऐकल्यावर टेलरबाई भिंतींकडे बघू लागली. मावसबहिणीने चमच्यानेच वर दाखवलं. धूर ओढणारा पंखा बिघडला म्हणून कधीतरी काढून टाकला होता, आणि त्या भोकावर चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून लाल कोटातली बाई बसवली होती. कोट आता लाल राहिला नव्हता. भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

"कबुतरं येऊन घरटी करायची मेली. आता बिशाद नाही एकाची."

"मला ते परत हवंय. थोड्या दिवसांसाठी."

"आणि मग कबुतरांचं काय करू?"

टेलरबाई स्टुलावर चढली होती. कापडाच्या कात्रीने कागदसुद्धा कापू न देणारी बाई ती, पण त्या दिवशी तिने त्याच कात्रीच्या टोकाने चारी खिळे उपटले. मावसबहीण खालून म्हणत होती, "अगं पडशील! आणि एवढं काय सोनं लागून गेलंय त्याला? तोंडसुद्धा नाही त्या बाईला."

हे मात्र खरं होतं. टेलरबाईच्या एकाही चित्रातल्या माणसाला तोंड नव्हतं. सगळी पाठमोरी.

जिन्याखालच्या दुकानात तिचा सारा जन्म गेला होता. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, गणवेश उसवून मोठे करायचे, पडदे शिवायचे. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून उभं राहायचं आणि ही त्याच्या मागे गुडघ्यांवर, ओठांत टाचण्या धरून. आरशातला माणूस पोट आत घेतो, हनुवटी उचलतो, स्वतःला सावरतो. पाठीला ते जमत नाही. पाठीवर सगळं तसंच राहिलेलं असतं. गिऱ्हाईक गेलं की ती कॉलरीत घालायच्या बकरमाचा उरलेला तुकडा काढायची. ते कापड पुठ्ठ्यासारखं ताठ, रंग छान धरतं. पुडीतले रंग डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि गेलेली पाठ त्यावर उतरवून ठेवायची. कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर बहुतेक तोंडंच काढली असती.

आणि काढलं की देऊन टाकायची. कुणी नवीन घर घेतलं, कुणाला मूल झालं, कुणी पास झालं, की बाई चित्र घेऊन हजर. ठेवणार कुठे? दुकानाच्या भिंतींवर पँटी, घराच्या भिंतीला कपाट. नातेवाईक म्हणायचे, "वा, छान!" आणि दार लागलं की म्हणायचे, "यापेक्षा टॉवेल दिला असता तर!"

चौकापलीकडे कला केंद्र होतं. पूर्वी तिथे अग्निशामक दलाच्या गाड्या उभ्या राहायच्या, आता चित्रं लागायची. टेलरबाई दर वर्षी जाऊन विचारायची, आणि केंद्राचा मॅनेजर दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या खेपेला नक्की बघू हं, बाई." मग या सोमवारी तोच दुकानात आला. हातात पँट होती, चेहऱ्यावर घाम.

"बाई, आतल्या खोलीत शनिवारपासून ज्याचं प्रदर्शन होतं तो ऐन वेळी नाही म्हणाला. तुमची भिंतभर चित्रं आहेत का? दहा तरी हवीत."

"आहेत."

"कुठे?"

"आहेत," ती पुन्हा म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"बघा हं. कमी पडली तर फोटो क्लबवाले रांगेत उभेच आहेत. मग पुढच्या वर्षीच. आणि ही पँट दोन बोटं वर घ्या."

पुढच्या वर्षाचं नाव काढलं तेव्हा टेलरबाईने मान खाली घालून उगाच टाचण्या गोळा केल्या. तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग येऊन बसला होता. जिकडे बघावं तिकडे नेमका तिथेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, आणि गेलेलं परत यायचं नाही. शिवण ती आता बोटांनी चाचपून घालत होती. ब्रश उचलला की जिथे पाठ काढायची बरोबर तिथे डाग. हिवाळ्यापासून एकही चित्र झालं नव्हतं, आणि आता होणारही नव्हतं. हे कुणाजवळ बोलली नव्हती. टेलरला दिसत नाही म्हटल्यावर कोण तिच्याकडे कोट टाकेल?

तेव्हा जी काही चित्रं जगात होती तीच. आणि ती नातेवाइकांच्या ताब्यात होती.

चार दिवस ती दारोदार फिरली. भाचीने कपाटामागून एक ओढून काढलं आणि इतक्यांदा "सॉरी मावशी" म्हणाली की चहा गार झाला. चुलतभावाने फ्रेममध्ये बसेना म्हणून चित्रातल्या माणसाचे पाय कापले होते. "नुसते बूटच तर होते," तो म्हणाला. एका मैत्रिणीला चित्र आठवेना, मग टेलरबाईच आठवेनाशी झाली. एका चित्राच्या पाठीवर कुणीतरी गुणाकाराचे पाढे लिहिले होते, तेही चालवून घेतलं. गुरुवारी संध्याकाळी दुकानाच्या टेबलावर नऊ पाठी जमल्या, तेलकट, कापलेल्या, चुरगळलेल्या. दहावी वहिनीकडे होती. टेलरबाईने ती मुद्दामच शेवटी ठेवली होती.

वहिनीकडचं चित्र भावाचं होतं. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. अवजारांची पिशवी वाहून वाहून त्याचा डावा खांदा कायमचा उतरला होता, आणि तो जिन्याने खाली उतरताना मागून जसा दिसायचा तसा तिने काढला होता. तो गेल्यावर त्याचा एकही धड फोटो सापडला नाही. सगळ्या फोटोंत तो कुणाच्या तरी मागे, नाहीतर डोळे मिटलेला. हे चित्र तेवढं वहिनीने बाहेरच्या दाराशेजारी लावलं होतं.

"नाही," वहिनी म्हणाली. बसासुद्धा म्हणाली नाही.

"अगं वहिनी, पंधरा दिवसांत परत आणून देते."

"पंधरा दिवस! वन्सं, मी कामाला निघताना त्यांना 'येते हं' म्हणून निघते. पंधरा दिवस काय खिळ्याला सांगून जाऊ?"

"माझा एवढा एकच चान्स आहे."

"पुढच्या वर्षी घ्या ना चान्स. तोवर नवीन दहा काढाल. तुमचा हात कुठे थांबतोय!"

टेलरबाई तिथेच चपलांच्या स्टँडवर बसली. "हात नाही थांबला," ती म्हणाली. "डोळे गेले, वहिनी. तू आत्ता समोर उभी आहेस, पण मला तुझं तोंड दिसत नाहीये. कान दिसतायत दोन्ही."

 वहिनीने आपला चेहरा टेलरबाईच्या चेहऱ्याजवळ नेला, जवळ नेल्याने दिसेल अशा आशेने. "आता?"

"आता कानही गेले."

दोघी हसल्या, आणि हसता हसता वहिनीने डोळ्यांना पदरासारखी बाही लावली. "आम्हाला सांगायचं नाही होय हो! एकटीने गिळून बसायचं." बराच वेळ ती चित्राकडे बघत राहिली. "न्या. पण आज नाही. असं धुळीत माखलेलं नाही पाठवायची मी त्यांना चार लोकांत. उद्या मीच घेऊन येते."

टेलरबाईला वाटलं, फडक्याने झटकेल.

शुक्रवारी दुपारी वहिनी दुकानात आली. हातातली गुंडाळी तिने टेबलावर हळूच उलगडली आणि मागे सरकून उभी राहिली. टेलरबाईने पाहिलं. काहीच नव्हतं. डाग मोठा झाला, तिच्या मनात आलं, आजच व्हायचा होता. तिने मान डावीकडे वळवली, कडेच्या नजरेने पाहिलं. मग उजवीकडे. टेबलाची कड दिसली, मोजपट्टी दिसली, दोऱ्याची रिळं दिसली. मधे नुसतं पांढरं.

"वहिनी," ती म्हणाली, "तुला दिसतोय का गं तो?"

वहिनी बाहीचं टोक ओढत राहिली.

"वहिनी?"

"साबण नाही हो लावला," वहिनी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "कोमट पाण्यातून नुसतं काढलं, लोकरीचं काढतो तसं. कापडच ना ते. पाणी लाल-निळं व्हायला लागलं तशी झटकन उचललं, पण तोवर... मऊ पडलं म्हणून खळ घातली, इस्त्री केली. म्हटलं, तुमच्या हातचं आहे, मला नाही दिसलं तरी तुम्हाला कुठे काही उरलेलं दिसेल."

टेलरबाईने कापडावर हात फिरवला. काठ सरळ, कोपरे चोख, एक सुरकुती नव्हती.

"इस्त्री छान केलीस," ती म्हणाली.

तेव्हा वहिनी खाली बसली आणि तोंडात बोळा कोंबल्यासारखी रडली. गिऱ्हाईक आलं, दारातूनच परत गेलं. टेलरबाईने खडू उचलला, कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू. म्हणाली, "ऊठ. तुला तो पाठ आहे. मला सांग."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत दोघी टेबलावर ओणव्या होत्या.

"खांदा आणखी खाली. आणखी. हां."

"मान?"

"मान एवढी जाड नव्हती हो त्यांची. पैलवान केलात की."

"आता?"

"आता खांद्याला चिकटतच नाहीये, वन्सं. मधेच अधांतरी आहे."

रेघ खांद्यावरून निघायची आणि मानेपाशी आली की डागात शिरायची. पलीकडून बाहेर पडायची ती भलतीकडेच. पुसलं, काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी वहिनी म्हणाली, "राहू दे." टेलरबाईने खडू आपल्या कोटाच्या खिशात टाकला आणि हाताच्या तळव्याने कापड झटकलं. निळी धूळ थोडीशी विणीत अडकून राहिली.

शनिवारी तिने दहाही लावली. मॅनेजर मोजत आला आणि दहाव्यापाशी थबकला.

"हे करायचं राहिलंय का, बाई?"

"नाही. झालेलं आहे."

"पण आहे काय?"

"माझा भाऊ."

मॅनेजरने घसा खाकरला, आपल्या पँटच्या नव्या काठाकडे पाहिलं आणि दहा म्हणून मान हलवली.

संध्याकाळी माणसं आली. मावसबहीण येईल त्याला हाताला धरून लाल कोटापाशी नेत होती, "ही आमच्या स्वयंपाकघरातली बरं का!" चुलतभाऊ बायकोला सांगत होता की पाय नाहीत ही त्याची कल्पना. एक टोपीवाले गृहस्थ दहाव्यासमोर बराच वेळ उभे राहून शेजारच्याला म्हणाले, "हे सगळ्यांत वरच्या दर्जाचं आहे. कळायला वेळ लागतो." जाताना मॅनेजर खुशीत म्हणाला, "आता ओळख झाली, बाई. पुढच्या वर्षी सगळी नवीन आणा. मोठी खोली देतो."

"हो," टेलरबाई म्हणाली.

वहिनी आली तेव्हा खोली रिकामी झाली होती. गुडघ्याखाली येणारा करडा कोट, कामावरून थेट. कुणाशी न बोलता ती सरळ दहाव्यापाशी गेली. कापडाचा एक कोपरा किंचित वळला होता, तो बोटाने दाबून बसवला. मग दोन्ही हात खाली सोडून उभी राहिली.

टेलरबाई मागे खुर्चीत बसली होती. इतक्या वर्षांत वहिनीची पाठ तिने कधी काढली नव्हती. वहिनी कायम समोर, काहीतरी वाढत, नाहीतर भांडत. कोटाचा काठ एका बाजूला उसवून लोंबत होता. खांदे सारखेच होते, पण त्यांतला डावा ती मुद्दाम खाली सोडून उभी असावी, असं वाटलं. खिशात टेलरबाईची बोटं खडूपाशी गेली आणि तिथेच राहिली.

"येते हं," वहिनी कापडाला म्हणाली. पण हलली नाही.

बाहेरच्या खोलीतले दिवे मॅनेजरने एकेक करून मालवले आणि शेवटच्या बटणावर हात ठेवून तो थांबला. टेलरबाईने मान दाराकडे वळवलेलीच ठेवली. सरळ पाहिलं असतं तर वहिनी दिसली नसती.