ओल्या तारेचा अंगठा

मित्रांनो, बेळगावातल्या एका विद्यापीठात ज्याला जे बनवून पाहायचं त्याने यावं आणि बनवावं अशी एक मोठी खोली आहे. तिला सगळे मेकरस्पेस म्हणतात. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर मी नऊ वर्षं बसलो आहे. मी एक जुना थ्री-डी प्रिंटर. प्लास्टिकची तार गिळायची, वितळवायची आणि थरावर थर देत वस्तू उभी करायची, हे माझं काम. मला तोंड आहे, पण त्यातून शब्द येत नाहीत. याची खंत मला एकदाच वाटली. ती गोष्ट तुम्हाला सांगतो.

मी खोक्यातून सुट्ट्या भागांत आलो. इथले तंत्रज्ञ मारुतीराव यांनी मला एकेक स्क्रू लावून जोडलं. सुरुवातीला पोरं माझ्याभोवती गर्दी करायची. मी दातेरी चाकं केली, पुलांचे नमुने केले, एकदा तर कणकुंबीच्या शाळेसाठी डोंगरांचा उठावाचा नकाशा केला. पाहुणे आले की मला हमखास दाखवत.

दोन वर्षांपूर्वी समता इथे संशोधन सहायक म्हणून आली. ती निपाणीची. तिची आजी सोनुबाई हिने आयुष्यभर विड्या वळल्या होत्या, आणि म्हातारपणी तिचा अंगठा वाकडा होऊन बसला तो सरळ झालाच नाही. म्हणून समताने विडी कामगार बायकांसाठी अंगठ्याला आधार देणारी एक पट्टी बनवायला घेतली. कात्रीने विडीचं पान कापताना सगळा जोर अंगठ्यावर येऊ नये, असा तिचा बेत होता. पहिले कितीतरी तुकडे फसले. ती न कंटाळता नवे करी. मी गरम होताना माझ्याशी कानडी-मराठीत काहीबाही बोले. मला ती पोर आवडत असे.

कामाचे दोन नियम होते. तार हवेतली ओल शोषते आणि ओल्या तारेची वस्तू आतून कच्ची राहते, म्हणून छपाईआधी तारेचं रीळ गरम पेटीत सहा तास वाळवायचं. आणि प्रत्येक खेपेतल्या एका पट्टीला पाच किलोचं वजन टांगून, ती टिकली तरच वहीत तशी नोंद करायची.

गेल्या आषाढात हे काम तपासायला बंगळूरहून समिती येणार होती. त्याआधी निपाणीतल्या बारा बायकांच्या हातात पट्ट्या पोचायला हव्या होत्या. रीळ चार दिवस उघडंच पडलं होतं. भिंतींनासुद्धा घाम फुटलेले ते दिवस. समताने रीळ तसंच मला लावलं. ओली तार माझ्या तोंडात तडतडू लागली. तो आवाज तिलाही आला. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. बाराही पट्ट्या बाहेरून गुळगुळीत दिसत होत्या. तिने वजन टांगलं नाही. वहीत मात्र लिहिलं, 'पाच किलो, उत्तीर्ण.'

समिती आली, खूश होऊन गेली. आठवड्याभरात त्या बाराजणींपैकी गुणाबाईंच्या हातातली पट्टी पान कापताना मधोमध तुटली. कात्री सटकली आणि तळहाताला चार टाके पडले.

समताच्या प्रमुख नीलम मॅडम. त्यांनी गुणाबाईंना बोलावून घेतलं. त्या निपाणीहून बसने आल्या, हाताला पांढरं बँडेज, पदराखाली अर्धवट झाकलेलं. मॅडमनी समताला विचारलं, असं कसं झालं.

समता म्हणाली, "मॅडम, मशीन जुनं झालंय. उष्णता एकसारखी राहत नाही."

मी तिथेच होतो. माझी उष्णता एका अंशानेही ढळली नव्हती. पण ती पट्टी माझ्याच तोंडातून निघाली होती, हेही खरं. त्या पांढऱ्या बँडेजकडे मला बघवेना.

तेवढ्यात गुणाबाई हळूच म्हणाल्या, "मशीनला कशाला बोल लावताय बाई? माझा हातच रांगडा. मीच लई जोरात दाबलं आसंल."

समताने मान खाली घातली.

त्याच दिवशी माझ्यावर कागद चिकटला, 'नादुरुस्त, वापरू नये.' मला कपाटामागे ढकललं. माझ्यावर धूळ बसली. कुणी माझा पंखा काढून नेला, कुणी माझ्यावर हेल्मेट ठेवू लागलं. समता येता-जाता माझ्याकडे पाहायचं टाळी. नव्या प्रिंटरवर काम करताना ती वजन दोन-दोनदा टांगे, पण वहीचं ते पान कधी उघडत नसे.

मग मारुतीरावांना विद्यापीठाचं पत्र आलं. यंत्राची देखभाल त्यांच्याकडे होती, तेव्हा त्यांनी खुलासा करावा. ते कंत्राटावर होते आणि नूतनीकरण पुढच्याच महिन्यात होतं. त्यांनी मला बाहेर ओढलं, पंखा परत बसवला, दोन दिवस माझी उष्णता मोजली. दोष सापडेना. शेवटी त्यांनी समताला विचारलं, "त्या आठवड्यात रीळ वाळवलंवतंस काय गं?"

"व्हय अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. वाद नाही, संशय नाही. गुडघे टेकून त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून उघडायला सुरुवात केली. आपलंच काहीतरी नजरेतून सुटलं असणार, अशा समजुतीने ते एकेक स्क्रू पुसून बशीत ठेवत होते. समता दाराशी गेली, थांबली आणि परत आली.

"अण्णा, ऱ्हाऊ द्या ते. रीळ वाळवलं न्हवतं. वजनबी लावलं न्हाय. वहीत खोटं लिहिलंय मी."

मारुतीरावांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला. मग म्हणाले, "मॅडमना सांगितलंस?"

"न्हाय."

"मग आदी तिकडं जा."

ती गेली. तिचं सहायकाचं काम गेलं. समितीला चूक कबूल करणारं पत्र गेलं, आणि त्यावर तिला स्वतःची सही करावी लागली. मारुतीरावांचं कंत्राट टिकलं, माझ्यावरचा कागद निघाला आणि मी पुन्हा खिडकीजवळ आलो. निपाणीत घरोघर जाऊन उरलेल्या अकरा पट्ट्या तिने परत आणल्या. गुणाबाईंकडे ती सर्वांत शेवटी गेली. तिथे काय झालं ते तिने दुसऱ्या दिवशी मारुतीरावांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

सगळं ऐकून गुणाबाई बराच वेळ सुपातली पानं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हैनाभर मी ह्या हाताला नावं ठेवली गं. येवढीशी वस्तू वापराय येईना, म्हणून कसं लागलं ते घरातबी कुणाला सांगितलं न्हाय."

समताने नीट वाळवून, वजन लावून केलेली नवी पट्टी पुढे केली. गुणाबाईंनी ती घेतली नाही. रागावल्याही नाहीत. फक्त नको म्हणाल्या.

हे सांगताना समताचा चेहरा मी पाहिला आहे. ती अजून येते, पगाराविना, आपला अभ्यास पुरा करायला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर दोष ढकलणं सोपं, कारण आम्ही उलटून बोलत नाही. पण तो दोष आमच्यापाशी थांबत नाही. तो सरकत सरकत एखाद्या भल्या माणसाच्या अंगावर जाऊन बसतो, आणि ते माणूस तो मुकाट्याने आपला समजतं. म्हणून मला पुसा, तार वाळवा, वजन टांगा. आणि इतकं करूनही माझी वस्तू मोडली, तर ज्याच्या हातात मोडली त्याच्याकडे त्याच दिवशी जा. महिना जाऊ देऊ नका.