दोघी बहिणींचं एक स्टिअरिंग

इंग्लंडातल्या आमच्या मॉल्व्हर्न गावात जुन्या गाड्या पाळणाऱ्यांची एक जमातच आहे. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण गाडीचं ऑइल कधी बदललं ते झोपेतही सांगतील. मी त्यांच्यातलाच, म्हणून नावं ठेवायचा मला हक्क आहे. तरी शेजारच्या ब्रॅडक बहिणींपुढे आम्ही सगळे कच्चे लिंबू.

डॅफ्नी थोरली. ठेंगणी, आखूड पायांची, नाकावर राग. रोवीना धाकटी आणि ताडमाड, हातपाय नुसते लांबच लांब. एकाच आईच्या पोटी अशी दोन मापं कशी निघाली देव जाणे. दोघींनी लग्नं केली नाहीत, आणि वडिलांनी जाताना आपली उघडी, दोन सीटांची, हिरवी स्पोर्ट्स कार दोघींना मिळून ठेवली. बुधवारी ती रोवीनाची, रविवारी डॅफ्नीची. बाकीचे दिवस ती गॅरेजमध्ये चादर पांघरून झोपते आणि दोघी तिच्यावरून भांडतात.

भांडणाचं मूळ स्टिअरिंगमध्ये. या गाडीत स्टिअरिंगचं चाक मागेपुढे करता येतं. चाकाच्या पाठीमागे दांड्याला वेढून एक धातूचं कडं असतं. ते हातानं पिळून सैल करायचं, चाक आपल्याकडे ओढायचं किंवा आत ढकलायचं, आणि कडं पुन्हा आवळायचं. रोवीना सीट पार मागे सरकवून बसते, म्हणून तिला चाक जवळ ओढलेलं लागतं. डॅफ्नीला पाय पोचावेत म्हणून सीट पुढे घ्यावी लागते. तिला चाक आत ढकललेलं हवं, नाहीतर ते छातीत रुततं आणि कोपरं हलवायला जागा उरत नाही. वडिलांनी नियम घालून दिला होता, जी बसेल तिनं आपल्या मापाचं करून घ्यावं. तो दोघींनी आजवर मोडला नाही.

पूर्वी एकदा रोवीनानं कडं सैल सोडलं होतं, डॅफ्नी घाईत चाक नुसतं आत ढकलून निघाली, आणि ऐन वळणावर ते तिच्या हातात सरकलं. गाडी शेतात गेली, डॅफ्नीला काही झालं नाही, पण रोवीनाच्या मागे कायमचं शुक्लकाष्ठ लागलं. दर बुधवारी रोवीना गाडीतून उतरली की दारातून हाक यायचीच.

"कडं आवळलंस का?"

"आवळलं."

"नीट?"

"तुझा गळा समजून आवळलंय, झालं समाधान?"

आणि रोवीना खरंच आवळायची. दात-ओठ खाऊन, सगळा जोर लावून. बहिणीचा जीव परत धोक्यात यायला नको, एवढंच तिच्या मनात.

गेल्या हिवाळ्यापासून डॅफ्नीचं गाडी चालवणं बिघडलं. आधी फाटकाचा खांब घासला. मग पोस्टमनची सायकल थोडक्यात वाचली. ब्रेक उशिरा लागायचे, वळणं कापली जायची, आणि घरी आली की खांदे धरून बसायची. वय झालं, असं गावात सगळे म्हणायला लागले. मीही म्हणालो. आणि नेमकं याच वर्षी डॅफ्नीच्या आयुष्यातली मोठी गोष्ट जवळ येत होती. जूनच्या पहिल्या रविवारी आमचा क्लब टेकड्यांवरून फेरी काढतो, आणि सगळ्यांत वयस्कर चालकाची गाडी सर्वांच्या पुढे असते. इतकी वर्षं तो मान मेजर पेलम यांचा होता. मेजरांच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्यांनी गाडी विकली, आणि मान डॅफ्नीकडे आला. तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही, पण वूस्टर शहरात जाऊन नवा रेशमी स्कार्फ मात्र घेऊन आली.

मे महिन्यात एका सकाळी रोवीना कुंपणापाशी आली. चेहरा उतरलेला.

"लेन, तिची चावी काढून घ्यावी लागणार."

"फेरीच्या तोंडावर? ती तुला कच्ची खाईल."

"म्हणून तर तुझ्याकडे आले. या रविवारी तिच्याबरोबर बस. तू नको म्हणालास तर ऐकेल. मी म्हणाले तर म्हणेल, हिला आता माझा रविवारही हवा झाला." मग तिचा आवाज घसरला. "ती कुणाच्या तरी अंगावर गाडी घालेल रे. नाहीतर स्वतःचा जीव घालवेल. मी काय करू?"

रविवारी मी डॅफ्नीशेजारी बसलो. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"परीक्षक आलेत वाटतं."

"हवा खायला आलोय."

"खा. तोंड बंद ठेवून खाता येत असेल तर."

गल्लीतून बाहेर पडेपर्यंतच मी जीव मुठीत धरला होता. पहिल्या चौकात ती क्लचसाठी इतकी खाली घसरली की काचेवर फक्त टोपी दिसावी. तिच्या पाठीमागे सोफ्याची मोठी उशी होती. सीट धड पुढे नाही, धड मागे नाही. आणि चाक तिच्याकडे पुरतं ओढलेलं, म्हणजे रोवीनाच्या मापाचं. पुढे सरकावं तर चाक छातीला, मागे राहावं तर पेडलला नुसते बोटांचे शेंडे. अशा बैठकीत मला बसवलं असतं तर मी पहिल्या वळणावर गाडी सोडून चालत घरी गेलो असतो.

"डॅफ्नी, स्टिअरिंग तुमच्या मापाचं का करून घेत नाही?"

"बरंय असंच."

"काय बरंय? बसायची काय ही तऱ्हा?"

"तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं."

टेकडीवर गाड्या थांबतात त्या जागी तिनं गाडी उभी केली. खाली अख्खं सेव्हर्न नदीचं खोरं उन्हात पडलेलं. तिनं चाकामागे हात घातला, कड्यावर बोटं गुंडाळली आणि पिळलं. कडं तसूभरही हललं नाही. तिनं हातमोजे काढून पुन्हा पिळलं. तेव्हा मला तिचे अंगठे दिसले. सांधे सुजून लिंबाएवढे झाले होते.

"बघितलंस?" ती म्हणाली. "सुटत नाही. ती म्हशीसारखी आवळते. आणि आवळ म्हणून बोंबलते कोण, तर मीच."

"मग तिला सांगायचं ना. चुटकीसरशी करून देईल."

"देईलच. मला काय माहीत नाही?" ती समोर बघत म्हणाली. "पण आज कडं, उद्या बरणीचं झाकण, परवा ब्लाउजची बटणं. मागायला एकदा सुरुवात केली की ते थांबत नाही, लेन. शेवटी आईचं सगळंच दुसऱ्यांनी करायची वेळ आली, ते मी पाहिलंय. मला म्हातारचळ लागलाय असं रोवीनाला वाटतं, वाटू दे. पण माझी कीव नको."

मला तिचा राग आला. एवढ्याशा अभिमानापायी ही बाई स्वतःची मान मोडून घेणार होती. मी उतरलो, दोन्ही हातांनी कडं धरलं. मलाही घाम फुटला, पण सुटलं. चाक आत ढकललं, कडं बेतानं आवळलं. तिनं उशी मागे फेकली, सीट पुढे घेतली.

परतीच्या वाटेवर मी आयुष्यात क्वचित पाहिलं असेल असं गाडी चालवणं पाहिलं. वळणं अशी घेतली की माझ्या मांडीवरची टोपी हलली नाही. डॅफ्नी स्वतःशीच गुणगुणत होती.

"रोवीनाला बोललास तर कुंपणापलीकडे तोंड दाखवू नकोस," फाटकापाशी ती म्हणाली.

मी शब्द दिला. रोवीना दारात उभीच होती. गाडी एका झोकात आत आली ते तिनं पाहिलं, आणि तिचा चेहरा गोंधळला.

"चालवते की उत्तम," एवढंच मी म्हणालो आणि घरी सटकलो.

बुधवारी मी गुलाब छाटत होतो. गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ इंजिन काही सुरू झालं नाही. थोड्या वेळानं रोवीना कुंपणापाशी आली.

"लेन, स्टिअरिंग आत ढकललेलं होतं."

मी छाटत राहिलो.

"मला ते ओढून घ्यावं लागणार होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मला ते ओढावंच लागलेलं नाही." तिनं कुंपण घट्ट धरलं. "तिच्या हातांनी ते सुटत नाही. हो ना?"

मी शब्द दिलेला होता. मी खाली बघून पुढची फांदी छाटली, आणि तेवढंच तिला पुरलं.

"आणि मी तिची चावी काढायला निघाले होते," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. ब्रॅडक बाई उघड्यावर रडते, हे त्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. "मला सांगायचं नाही? मला?"

"तुलाच सांगायचं नव्हतं तिला."

ती नाक पुसून निघून गेली. जरा वेळानं गाडी बाहेर पडली, पण रोवीनाचं डोकं मला काचेला जवळजवळ चिकटलेलं दिसलं. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

जूनचा पहिला रविवार उजाडला. चर्चसमोरच्या मैदानात सगळ्या गाड्या रांगेनं लागल्या होत्या. पुढची जागा रिकामी होती. रोवीना सकाळीच पेट्रोल भरायला गाडी घेऊन गेली होती, आणि डॅफ्नी नवा स्कार्फ बांधून माझ्याबरोबर चालत आली.

गाडी मैदानात शिरली आणि लोक हसायलाच लागले. रोवीनाचे गुडघे चाकाच्या दोन्ही बाजूंना वर आलेले, कोपरं बाहेर, मान खाली घातलेली. क्लबचा सेक्रेटरी ट्रेव्हर ओरडला, "रोवीना, गाडी धुतल्यावर आटली का गं?"

रोवीनाही हसली. उतरताना मात्र तिला दार धरून कंबर सरळ करावी लागली.

डॅफ्नी हसली नाही. ती गाडीपाशी गेली, आत वाकली. सीट पुढे होती, चाक आत होतं. सगळं तिच्या मापाचं, मधल्या रविवारी मिळालं होतं तसंच; ते मीच गुपचूप करून ठेवतो असं ती समजून होती.

"किती दिवस अशी चालवतेयस?"

"कशी?"

"अशी. गुडघे कानाला लावून."

"मला आता असंच आवडतं."

"खोटं बोलू नकोस. कधीपासून?"

रोवीना दारावरची धूळ पुसायला लागली. मी बुटांकडे बघायला लागलो. डॅफ्नीनं माझ्याकडे एक नजर टाकली, मग बहिणीकडे पाहिलं. ही ताडमाड बाई तिला मदत मागावी लागू नये म्हणून अशी मुडपून बसत आली होती, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मागे गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती, सगळा क्लब बघत होता.

"आत बस," डॅफ्नी म्हणाली.

"आत्ता? तुला पुढे राहायचंय."

"बस म्हणते ना. सीट मागे घे, चाक ओढून घे. तुझ्या मापाचं कर."

रोवीना बसली. तिनं कडं पिळलं, चाक ओढलं, सीट मागे सरकवली. लांब पाय सुटे झाले तसा तिनं नकळत मोठा श्वास सोडला.

"बुधवारी हे असं असलं पाहिजे," डॅफ्नी म्हणाली. "कळलं? आता माझ्यासाठी परत आत ढकलून दे."

मग तिनं हातमोजे काढले आणि दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे केले.

"मला ते कडं फिरवता येत नाही, रोवीना. माझे अंगठे गेलेत. दर रविवारी तुलाच करून द्यावं लागेल."

एवढं ती मोठ्यानं म्हणाली. ट्रेव्हरचं हसू केव्हाच विरलं होतं. कोणीतरी इंजिन बंद केलं, मग एकेक करून सगळ्यांनीच केली.

"बरं," रोवीना म्हणाली. ती उतरली, दाराशी गवतावर गुडघे टेकून तिनं चाक आत सरकवलं आणि कडं आवळलं. त्याला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. डॅफ्नी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. काम संपेपर्यंत तिनं तो काढला नाही, आणि आमच्यातल्या एकानंही हॉर्न वाजवला नाही.