जाळीवरचं कुंकू

मी बोलतोय ते उशिराच. ज्या सकाळी बोलायला हवं होतं, त्या सकाळी माझं तोंड बंद होतं.

मी गॅस डिटेक्टर. तळहातावर मावेल एवढा, पिवळा. पुढच्या बाजूला रुपयाएवढ्या दोन जाळ्या आहेत, त्यांच्या मागे माझं नाक. हवेत गॅस आला किंवा प्राणवायू कमी झाला की मी किंचाळतो, थरथरतो, लाल दिवा लावतो. ज्याच्या छातीवर मी लटकतो त्याने मग काहीही विचार न करता बाहेर पडायचं असतं.

कुठल्याशा कारखान्यात मी तयार झालो आणि खोक्यातून जालना जिल्ह्यात, मंठ्याच्या पुढे, तुरीच्या शेतांत कुंपण घातलेल्या एका ठाण्यावर आलो. तिथून जमिनीखालून गॅसची मोठी लाइन जाते. खोल, झाकणबंद खड्ड्यात तिचा व्हॉल्व्ह आहे.

सुरक्षा अधिकारी प्रीती जालन्याच्या मस्तगडची, इंजिनिअर होऊन नुकतीच लागलेली. ती रोज सकाळी छोट्या नळकांड्यातला गॅस माझ्या जाळीवर सोडायची. मी किंचाळलो की वहीत सही.

सुपरवायझर सर्जेरावांना याचं हसू यायचं. तीस वर्षं लाइनीवर काढलेला माणूस. "काय गं पोरी, रोज सकाळी त्याला चिमटा काढून रडवती?"

"रडतंय म्हणून जिवंत आहे ते, काका."

"मला न्हाई लागत असलं काही. माझं नाक हाये."

"या लाइनीतल्या गॅसला वासच नसतो. वास पुढे, शहरात द्यायच्या आधी मिसळतात. तुमचं नाक घरच्या सिलिंडरपुरतं."

"तू पाळण्यात होतीस तवापासून मी हे करून राह्यलो," असं म्हणून ते चहा प्यायला गेले. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते आपलं वय सांगायचे.

फिटर कल्याण दोघांचंही ऐकायचा. लग्नाला तीन वर्षं झालेली. दुपारी डबा उघडला की आधी झाकण हुंगायचा आणि म्हणायचा, "दैवशालानं आज बी मेथीच दिली."

खंडेनवमी आली. प्रीती सुटीवर घरी गेली होती. सर्जेरावांनी पाने, दोर, हेल्मेटं धुऊन पुसून सतरंजीवर मांडली. शेवटी मला ठेवलं.

"काका, त्याला राहू द्या. मॅडम खवळतील," कल्याण म्हणाला.

"अवजार हाये ना ते बी? त्यालाच उपाशी ठेवायचं का?"

हळद आणि कुंकू पाण्यात कालवून त्यांनी दोन्ही जाळ्यांवर अंगठ्याने भरघोस दाबून लावलं. वर झेंडूचं फूल. हात जोडले. मला राग नाही आला. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो लेप वाळून कडक झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लाइनीतला दाब कमी दिसत होता, व्हॉल्व्ह बघा, जल्दी. प्रीतीची बस अजून रस्त्यात होती.

"मॅडम येऊ द्या ना. याची तपासणी राह्यली," कल्याण म्हणाला.

"परवाच पूजा झालीय त्याची. अजून काय तपासायचं? उतर."

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. कल्याणने पट्टा चढवला, पट्ट्याला दोर बांधला, मला छातीवर अडकवलं आणि शिडीवरून उतरला.

खाली खड्डा गॅसने भरलेला होता. तो माझ्या जाळीपर्यंत आला, आत येऊ शकला नाही. लेपामागे अडकलेली वरची चांगली हवाच मी वाचत राहिलो.

"आवाज न्हाई काका. सगळं बराबर हाये."

थोड्या वेळाने तो काहीतरी पुटपुटला. पाना हातातून सुटला. तो भिंतीला टेकून खाली बसला, दमल्यासारखा.

सर्जेरावांना वास आला नाही. त्यांनी दोनदा हाक मारली आणि शिडीवर पाय ठेवला. तेवढ्यात फाटकातून धावत आलेल्या प्रीतीने मागून त्यांचा सदरा धरला.

"उतरायचं नाही."

"सोड. माझ्या हाताखालचं लेकरू हाये ते."

"उतरलात तर दोघांना काढावं लागेल. दोर ओढा."

दोघांनी दोर ओढला. कल्याण वर आला, श्वासही परत आला. पण मेंदूला बराच वेळ हवा मिळाली नव्हती. आज तो चालतो, जेवतो. बायकोचं नाव मात्र सांगावं लागतं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, यंत्र नादुरुस्त होतं असं लिहू का? सर्जेराव म्हणाले, "न्हाई साहेब. यंत्र चांगलं होतं. बंद मी केलं." तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली होती. ती आधी सांगायला शिकले असते तर, असं प्रीतीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

महिन्याभराने दैवशाला कल्याणचा डबा न्यायला आली. टेबलावर मी चौकशीवाल्यांच्या पारदर्शक पिशवीत होतो. तिने मला उचललं. "हे वरडलं असतं तर?"

"तर ते लगेच वर आले असते," प्रीती म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही. दैवशालाने मला हळूच खाली ठेवलं, डबा पदराखाली घेतला आणि बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याचा हात धरला.

माझा आता उपयोग नाही. नव्या कामगारांना दाखवायला प्रीती मला पिशवीतून काढते, एवढंच. त्यांना जे सांगावंसं वाटतं, ते तुम्हालाही सांगतो. मला देव करू नका. मला रोज प्रश्न विचारा. तुमच्याहून वयाने मोठा असेल, त्यालाही विचारा. आणि उत्तर आलं नाही, तर वरच थांबा.