उस्तादांचं नाव

सदफनं जे केलं ते अदब म्हणून केलं, आणि त्या अदबीनंच तिचा गळा कापला.

नांदेडच्या निजामोद्दीन पेंटरची ही पोरगी. दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचा जमाना होता तेव्हा निजामोद्दीनच्या ब्रशला उसंत नसायची. पण पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात जे नाव पडायचं ते त्याचं नाही, त्याच्या उस्तादांचं. उस्ताद थकून घरी बसले तरी त्यांचंच. शागिर्दानं आपलं नाव टाकणं म्हणजे बेअदबी. हे सदफला कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून अंगात भिनलं होतं.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून ती लातूरला अमरनाथ सरांच्या ऑफिसात लागली. चार टेबलं, एक कूलर, आणि वेबसाइट बनवून द्यायचा धंदा. पहिले सहा महिने सरांनी शेजारी बसवून शिकवलं, खोटं कशाला बोला? पण अर्धापूरच्या केळीवाल्यांचं काम आलं तोवर सरांचं कोड लिहिणं सुटलं होतं, ते नुसते गिऱ्हाईक सांभाळायचे. साइट सदफनं एकटीनं उभी केली. आजचा भाव काय, गाडी कधी येणार, कुणाच्या मळ्यात किती घड तयार, सगळं त्यात. आधी तिनं हौसेनं भारीतलं फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार पण जड सांगाडा वापरला, तर मळ्यात बसलेल्या केळीवाल्या अण्णारावांच्या फोनवर पान उघडता उघडेना. "पोरी, ते नुसतं गोल गोल फिरून राहिलंय, भाव काय दिसंना बघ," असा त्यांचा रोजचा फोन. मग तिनं सगळं फेकून दिलं आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये ओळ न् ओळ पुन्हा लिहिली. नेट गेलं तरी सकाळचा भाव फोनात टिकून राहायचा. तीन वर्षं घासली बाई त्याच्यावर.

आता, कोडमध्ये बदल करून तो जपून ठेवला की दर वेळी करणाऱ्याचं नाव त्याला चिकटतं. त्याला कमिट म्हणतात. पहिल्याच दिवशी ऑफिसातला कॉम्प्युटर लावताना त्यानं नाव विचारलं, आणि या शहाणीनं टाकलं काय, तर अमरनाथ! कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. अकराशे चाळीस कमिट झाले, आणि एकावरही सदफचं नाव नाही. बोला!

सदफनं पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला, आणि त्यांना ती साइट फार आवडली. कमी नेटवर साइट कशी चालवायची यावर तिथल्या सुकन्या मॅडमनी मुलाखतीत असे प्रश्न विचारले की सदफ हरखून गेली. आपल्यापेक्षा जास्त येणारं माणूस तिला कितीतरी दिवसांनी भेटलं होतं. अशा लोकांत बसून काम करायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी जीव तुटत होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दिलेल्या लिंकवरून कोडची प्रत आम्ही उतरवून घेतली आहे. पण त्यात तुमचं नाव कुठंच दिसत नाही." सदफनं खरं ते सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग सरांकडून दोन ओळींचं पत्र आणा. आम्हाला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या टेबलापाशी उभी राहिली. "सर, काम मी केलंय एवढंच लिहून द्या."

"मी म्हणलं होतं का तुला, माझं नाव टाक म्हणून?"

"नाही सर."

"मग? आज लोक मला केळीच्या साइटवाले अमरनाथ म्हणून ओळखतात. परवा निलंग्याहून बोलावणं आलं ते त्याच्यावरच. आता पत्र देऊन माझ्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"सर, मी तुमची इज्जत ठेवली."

"मग ठेव की अजून थोडी."

असं म्हणाले, आणि चहा पिऊ लागले. सदफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आपल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसली. जुन्या कमिटवरची नावं बदलायची सोय असते, एक हुकूम दिला की झालं. तिनं दिला. अकराशे चाळीस ठिकाणी सदफ! खोटं काय होतं त्यात? अक्षर न् अक्षर तिचंच होतं. त्याच तिरमिरीत तिनं मॅडमना लिहून टाकलं: 'नावाची सेटिंग चुकली होती, दुरुस्त केली आहे. कृपया पाहावे.'

रविवारी ती नांदेडला घरी होती, तेव्हा मॅडमचा फोन आला.

"सदफ, जुनी प्रत आमच्याकडं आहे. मागच्या आठवड्यात सगळीकडं अमरनाथ, या आठवड्यात सगळीकडं सदफ. तुम्ही खरं सांगत असालही. पण नोंदी बदलणाऱ्या माणसाच्या हाती आम्ही आमचं काम देऊ शकत नाही."

"मॅडम, पण ते सगळं मीच..."

"एक कराल? अमरनाथ सरांचा नंबर द्या. ही साइट ज्यांनी बनवली त्यांच्याशी आम्हाला बोलायचं आहे."

अब्बा पलंगावरून आशेनं तिच्या तोंडाकडं बघत होते. सदफनं नंबर सांगितला, दोन दोन आकडे करून. मॅडमनी परत वाचून दाखवला, त्यात एक आकडा चुकला होता. तो तिनं दुरुस्त करून दिला.