सात नंबरचे कार्ड

तिने तो रकाना तिसऱ्यांदा खालून वर वाचला. खालून वर वाचल्याने आकडा बदलत नाही हे तिला कळत होते, पण बुडत्याला काडीचा आधार. ओळ सातवी, स्त्री, वय छत्तीस, उंची एकशे चोपन्न, तीन महिन्यांची साखर ११४.

या रकान्यात दशांश चिन्ह लिहीत नसत. ११४ म्हणजे ११.४, आणि साडेसहाच्या वर गेले की मधुमेह. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला हे तीच शिकवायची आणि वाचताना टिंब विसरणाऱ्याची अशी हजेरी घ्यायची, की आरोग्य पाहणीच्या त्या कार्यालयात तिचे नावच ‘दशांश’ पडले होते. आज मात्र तिने स्वतःच संकेतांची पुस्तिका काढून पाहिली. न जाणो, हा आकडा म्हणजे भलतीच काही खूण असेल. तसे नव्हते. माणूस हजर नसेल तर ९९४, नकार दिला तर ९९५, रक्त टिपायचे कार्ड खराब झाले तर ९९६. एकशे चौदाला एकशे चौदाखेरीज काही अर्थ नव्हता.

सरांनी सकाळी सोपवलेले काम किरकोळ होते. हजारो घरांतून गोळा केलेल्या रक्ताच्या थेंबांचे निकाल प्रयोगशाळेतून आले होते आणि त्यांतच, अगदी सुरुवातीला सरावासाठी भरलेली कार्यालयातल्या चौदा जणांची कार्डेही मिसळली होती. त्या चौदा ओळी शोधायच्या, पुसायच्या आणि मोकळे व्हायचे. नावे नव्हती, नुसते क्रमांक. आपला क्रमांक सात होता हे तिला आठवले आणि दुर्बुद्धी सुचली, की पुसण्याआधी आपले तेवढे बघून घेऊ.

वडिलांचा पाय साखरेनेच गेला होता. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. नसलेल्या पायाला खाज सुटली की ते तिला हाका मारायचे आणि ती तिथली रिकामी चादर खाजवायची. तेव्हा ती शाळेत होती. आता तिची लेक दुसरीत आहे. ते काम उद्या लेकीच्या वाट्याला येणार. सकाळपासून आपण तीन पेले पाणी प्यायलो हे तिला आठवले, मग डाव्या तळपायाला मुंग्या आल्यासारखे वाटले, मग उजव्याही. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने चप्पल काढून टेबलाखालीच पाय चाचपून पाहिला आणि मग उठून शेजारच्या खोलीत अक्काकडे गेली.

अक्काने आयुष्यभर दारोदार हिंडून लोकांची बोटे टोचली होती. थेंब कसा घ्यायचा हे कार्यालयातल्या सगळ्यांना तिनेच शिकवले होते. आत्ता ती पुढच्या फेरीसाठी तपासणीचे डबे मोजत होती; प्रत्येकात सुया, कापूस आणि साखर मोजायचे छोटे यंत्र.

“चेहरा का पडलाय? सरांनी झापलं?”

ती दार लोटून स्टुलावर बसली.

“अक्का, मला साखर आहे. अकरा पूर्णांक चार.”

अक्काने हातातली यादी खाली ठेवली.

“कुणी सांगितलं?”

“सरावाच्या दिवशीचं कार्ड. सात नंबर, माझंच.”

“बरं, मग? साखरच आहे, वाघ नाही. गोळ्या घ्यायच्या, चालायचं, पाय जपायचे. तुझ्या वडिलांचं कळायलाच उशीर झाला होता. तुला वेळेत कळलंय.”

“वेळेत कुठलं? कार्ड भरलं त्याला आठ महिने झाले.”

“आठ महिन्यांत आभाळ नाही कोसळत. थांब, आत्ताची किती आहे ते बघू. हात पुढे कर.”

अक्काने एक डबा उघडला, कापूस ओला केला आणि तिचे बोट पुसले. तिने डोळे गच्च मिटले.

“या वेळी आडवी होऊ नकोस म्हणजे झालं. मागच्या वेळी मी नुसती सुई काढली, तर तू बाकावरून खाली. तोंडावर पाणी मारलं तरी डोळे उघडेनास. त्यात सर दारात उभे, चौदा झाली का, चौदा झाली का. आता बेशुद्ध माणसाला काय टोचायचं? शेवटी मीच…”

अक्का बोलता बोलता थांबली. मग तिने तिचा हात धरून जोरात हलवला.

“अगं वेडे, ते रक्त तुझं नाहीच. माझं आहे. माझंच बोट टोचलं आणि तुझं कार्ड भरून टाकलं. म्हटलं, सरावाचं तर आहे, कोण बघतंय! तू सुटलीस गं.”

अक्का हसत होती. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. तिलाही सुटल्यासारखे वाटले, छातीवरचा दगड उतरल्यासारखे, आणि दुसऱ्याच क्षणी त्या वाटण्याची तिला लाज वाटली. अक्काचे हसू ओसरेपर्यंत ती नुसती तिच्याकडे बघत राहिली.

हसू ओसरले. अक्काने डब्याचे झाकण लावले आणि यादी पुन्हा हातात घेतली.

“चल, माझी मोजणी राहिलीय.”

“अक्का, तुम्ही स्वतःची कधी तपासली होती?”

“मला काय झालंय? दिवसभर पायपीट करते मी.”

“डबा उघडा.”

“उद्या बघू. सकाळपासून काही खाल्लं नाही, आकडा बरोबर नाही यायचा.”

लोक टाळायला काय काय सांगतील याची एक यादीच अक्का शिकवताना म्हणून दाखवायची. उपाशी आहे, आत्ताच जेवलोय, उद्या या. यांतले काहीही ऐकायचे नाही, असे तिचे सांगणे असायचे.

ती स्टुलावरून उठली आणि तिने स्वतःच झाकण काढले. सुईकडे बघताच डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तिने एका हाताने टेबलाची कड धरली आणि अंधारी सरेपर्यंत थांबली. मग कापूस ओला केला.

“तुला जमणार आहे का?”

“तुम्ही सांगाल तसं करते.”

अक्काने यादी बाजूला ठेवली.

“आठ महिने म्हणालीस ना?”

“हो.”

अक्काने हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

“टोचताना सांग हं,” ती म्हणाली.